मोजूनमापून कुजबुज

पेण-रोह्याच्या बाजारपेठेत रेडिओदुरुस्तीची दुकानं चालत होती, त्या काळात सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटरच्या शेजारी टेबलावर पत्र्याचा एक डबा असे: सिग्नल जनरेटर. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आयती येत असताना हा वेगळा सिग्नल कशाला? कारण सिग्नल दांडगा असला की रेडिओतलं एव्हीसी आपणहून आवाज आवरतं, आणि आयएफ कॅन, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीची कॉइल, नेमका जुळला की नाही हे कानाला कळत नाही. म्हणून ४५५ किलोहर्ट्झवर ४०० हर्ट्झचा टोन ३० टक्के चढवायचा आणि बटण फिरवून तो जेमतेम ऐकू येईल इतका उतरवायचा. सिग्नल निर्माण करणं सोपं. हवा तितकाच बाहेर सोडणं कठीण. या यंत्राचा सगळा इतिहास त्याच खटपटीचा आहे.

बाजारात आलेला पहिला सिग्नल जनरेटर जनरल रेडिओ या अमेरिकन कंपनीचा ‘४०३’, साल १९२८. त्याच्या आदल्याच वर्षी, २३ जुलै १९२७ला, मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं होतं. रेडिओ घरोघरी जाऊ लागले तशी त्यांची संवेदनक्षमता मोजण्याची गरज आली, आणि तिथे मायक्रोव्होल्टचा हिशोब लागतो. आत व्होल्टभर सिग्नल घुमत असताना बाहेर त्याचा दशलक्षांश भागच यायला हवा. पत्र्याच्या फटीतून थोडासा झिरपला तरी आकडा खोटा ठरतो. जुन्या जनरेटरांत डब्याच्या आत डबे दिसतात ते यासाठीच.

यावरचा सर्वांत देखणा तोडगा म्हणजे पिस्टन अ‍ॅटेन्युएटर. धातूच्या नळीत दोन कॉइल. नळी इतकी अरुंद की लाट तिच्यातून पुढे जाऊच शकत नाही, नुसती विझत जाते. आणि विझण्याचा दर ठरतो नळीच्या व्यासावर. त्यातली एक कॉइल एका व्यासाइतकी मागे ओढली की सुमारे ३२ डेसिबल कमी. म्हणजे डेसिबल चक्क पट्टीनं मोजायचे! एचपी (ह्यूलेट-पॅकार्ड) कंपनीच्या ‘६०८’ सिग्नल जनरेटरमध्ये हीच नळी होती.

त्याच एचपीनं १९३९ साली आपल्या पहिल्या ऑडिओ ऑसिलेटरमध्ये, ‘२००ए’मध्ये, साधा छोटा दिवा बसवला. सिग्नल वाढला की तार तापते, तिचा रोध वाढतो आणि सिग्नल परत खाली येतो. बाहेरची पातळी यंत्रानं स्वतःच सांभाळायची, ही युक्ती मला पुढच्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक करामतींपेक्षा जास्त आवडते.

मॉड्युलेशनचं, म्हणजे सिग्नलवर टोन चढवण्याचं, दुखणं निराळं. ऑसिलेटरलाच टोन दिला तर लाटेच्या उंचीबरोबर फ्रिक्वेन्सीही डुलते. त्यावर आधी पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये टोन द्यायची पद्धत आली, मग विद्युतप्रवाहानं रोध बदलणारा पिन डायोड आला. आजच्या जनरेटरमध्ये डिटेक्टर बाहेरची पातळी बघतो, ठरवलेल्या पातळीशी ताडतो आणि पिन डायोडला कमी-जास्त करतो. यालाच एएलसी म्हणतात. पण असा राखणदार मॉड्युलेशनलाही चूक समजून सपाट करायला धावतो. म्हणून टोन थेट त्या ठरवलेल्या पातळीतच मिसळतात, आणि पल्स असतील तर दोन पल्समधल्या रिकाम्या वेळात एएलसीला जागच्या जागी थोपवून धरतात.

हाच जनरेटर चाचणीच्या प्रयोगशाळांतही लागतो. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेतल्या मायक्रोवेव्ह विभागातून निघालेली ‘समीर’ संस्था १९८४ साली स्वतंत्र झाली. पवईबरोबर खारघरलाही, म्हणजे पेण-रोह्याच्याच रायगड जिल्ह्यात, तिचं केंद्र आहे. ईएमआय-ईएमसी, म्हणजे उपकरणांच्या विद्युतचुंबकीय उपद्रवाच्या, चाचण्या हे तिच्या कामांपैकी एक. रेडिओलहरींच्या माऱ्यात उपकरण बिघडतं का, हे पाहायच्या चाचणीत जनरेटरचं काम उलटं होतं: सिग्नल उतरवायचा नाही, अ‍ॅम्प्लिफायर जोडून चढवायचा. टोनही बदलला, आंतरराष्ट्रीय मानकानुसार १ किलोहर्ट्झ, ८० टक्के. यात एक मेख आहे. १० व्होल्ट प्रति मीटर ही पातळी मॉड्युलेशनविना मोजलेली असते. ८० टक्के चढवल्यावर शिखर १८ वर जातं, आणि अ‍ॅम्प्लिफायर १० च्याच हिशोबानं घेतला असेल तर शिखरं छाटली जातात.