बागेखालचे पाणी

मुंबईची सहल हँगिंग गार्डन पाहिल्याशिवाय पुरी होत नाही. पण तिथल्या हिरवळीखाली पाण्याचा मोठा जलाशय आहे, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते?

मुंबईला १८६० साली विहार तलावाचे आणि १८७९ साली तुळशीचे पाणी मिळू लागले. घरोघरी पाणी चढवायचे तर त्याला दाब हवा, आणि दाब मिळतो उंचीमुळे. म्हणून १८८०च्या दशकात मलबार टेकडीवर हा जलाशय बांधला गेला. गिरगावाकडचे नळ त्याच्यावर चालतात. त्याची क्षमता सुमारे १४.७ कोटी लिटर आहे. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर हे जवळपास ११ लाख माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले.

जलाशय जुना झाला, तो नव्याने बांधावा, असा बेत महापालिकेने आखला. त्यात शेकडो झाडांवर गदा येणार होती. रहिवाशांनी हरकत घेतली. तेव्हा आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आणि इतर तज्ज्ञ यांची समिती नेमण्यात आली. डिसेंबर २०२३मध्ये कप्पे रिकामे करून समितीने आतून पाहणी केली. २०२४ साली निष्कर्ष निघाला : पुनर्बांधणी नको, दुरुस्ती पुरे.

वयावरून फार तर शंका घेता येते. निर्णयाला तपासणी लागते. जमिनीखालची मालमत्ता डोळ्यांआड असते. म्हणून ती एक तर विसरली जाते, नाहीतर न पाहताच मोडीत काढली जाते. ठरावीक काळाने आत उतरून पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे, हाच त्यावरचा उपाय. आपल्या शाळेच्या गच्चीवरची टाकी शेवटची कधी तपासली, याची नोंद आपल्याकडे आहे का?