कवी नर्मद आणि ग्रंथकाराचा स्वतंत्र संसार

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभी राहते ती 1664 ची सुरत. शिवछत्रपतींनी त्या वर्षी, आणि पुन्हा 1670 मध्ये, मोगलांचे हे श्रीमंत बंदर लुटले, आणि आमच्या शालेय इतिहासात या नगरीचे प्रकरण बहुधा तेथेच संपते. परंतु जेथे इतकी संपत्ती होती तेथे ती विद्येकडे वळविण्याचा विचार कोणास सुचला होता काय, हे आम्ही सहसा विचारीत नाही. विचारले तर ग्रंथमुद्रणाच्या इतिहासातील दोन सुरतकर दृष्टीस पडतात. एक व्यापारी, दुसरा कवी, आणि दोघांमध्ये सुमारे दोनशे वर्षांचे अंतर. व्यापाऱ्याजवळ द्रव्य होते, पण ग्रंथ छापून झाला नाही. कवीने ग्रंथ छापले, पण त्याच्याजवळ द्रव्य राहिले नाही. आपला ग्रंथ आपणच प्रसिद्ध करणाऱ्या लेखकाचे यश कशात असते, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी या दोघांची हकीकत लक्षपूर्वक पाहावी.

व्यापाऱ्याचे नाव भीमजी पारेख. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेतील वखारीचे ते दलाल होते. 1670 च्या सुमारास त्यांनी वखारीमार्फत विलायतेस विनंती केली की, प्राचीन ब्राह्मणी ग्रंथ छापावे अशी आपली इच्छा आहे, तरी एक कुशल मुद्रक पाठवावा. त्यास 3 वर्षे दरसाल 50 पौंड वेतन आपण देऊ आणि साधनांचा खर्चही सोसू. त्याप्रमाणे 1674 मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस आला. त्याला छापता येत होते, पण आपल्या लिपीचे खिळे पाडणे त्याला माहीत नव्हते. तेव्हा भीमजींनी आपल्याच माणसांकडून खिळे करवून काही कागद छापून पाहिले. इंग्रज अधिकाऱ्यांनी ते नावाजले. पण खर्च फार आणि काम चिकट, म्हणून पुढे ग्रंथ असा निघाला नाही. गोव्यात छापखाना 1556 मध्येच आला होता. पण तो जेझुइटांच्या धर्मप्रसारासाठी. हिंदू गृहस्थाने आपल्या शास्त्रग्रंथांसाठी स्वतःच्या खर्चाने छापखाना उभारू पाहिल्याचे भीमजींच्या आधीचे उदाहरण आमच्या वाचनात नाही. गोमंतकाचे सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणावरील आपल्या 1958 च्या इंग्रजी ग्रंथात या प्रयत्नाची नोंद घेतली आहे, म्हणून तो आज आम्हांस ठाऊक आहे.

भीमजींना अडविणारी खिळ्यांची अडचण पुढे शिळाछापाने दूर केली. शिळाछापात खिळे लागत नाहीत. हाताने लिहिलेला मजकूर विशिष्ट शाईने दगडावर उतरवावयाचा आणि त्यावरून प्रती काढावयाच्या. लेखनिकाचे अक्षर चांगले असले म्हणजे झाले. 1842 मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि त्यांचे सहकारी यांनी पुस्तकप्रसारासाठी मंडळी काढून सुरतेत असा छापखाना चालविला. त्या वर्तुळात एक मराठी गृहस्थही होते. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तेव्हा सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते आणि 1844 मध्ये तेथे निघालेल्या मानवधर्मसभेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. तात्पर्य, सुरतेच्या या विद्येच्या उदयकाळी मराठी आणि गुजराती माणसे एकाच पंक्तीला बसली होती.

त्याच दुर्गारामांच्या शाळेत काही काळ शिकलेला मुलगा म्हणजे नर्मदाशंकर लालशंकर दवे. सुरतेच्या आमलीरान मोहल्ल्यात, नागर ब्राह्मण कुळात, 24 ऑगस्ट 1833 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लालशंकर मुंबईस लेखनिकाचे काम करीत. लेखणीवर पोट भरणे ही गोष्ट या घराला नवी नव्हती. फरक इतकाच की, वडील दुसऱ्याचा मजकूर लिहीत आणि मुलाने आपला लिहिण्याचे ठरविले. छंदशास्त्र शिकण्याची इच्छा झाली तेव्हा त्या विषयाची पोथी सुरतेतील एका गवंड्याजवळ असल्याचे त्यांना कळले. तो पोथी घराबाहेर देईना, म्हणून नर्मदाशंकरांनी त्याच्या घरी बसून ती उतरवून घेतली. विद्या एकेका घरात अशी बंद असण्याचा अनुभव घेतलेल्या या तरुणाने 1857 मध्ये ‘पिंगळप्रवेश’ हे पुस्तक लिहून छापले आणि ते शास्त्र सर्वांस खुले केले. ग्रंथप्रकाशनाची तळमळ कोठून येते हे यावरून दिसते.

23 नोव्हेंबर 1858 रोजी त्यांनी मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडली. यापुढे लेखणीच्या आश्रयाने राहावयाचे असा त्यांचा निश्चय होता. त्या वेळी वय 25. आश्रयदाता राजा नाही, सरकारी वेतन नाही, कोणा प्रकाशकाचा करार नाही. त्या काळी ही केवढी जोखीम होती हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांचे ज्येष्ठ समकालीन कवी दलपतराम यांना फार्बस साहेबांसारख्या अधिकाऱ्याचा आधार होता, आणि तो असणे ही त्या काळची सामान्य रीत होती. नर्मदाशंकरांनी रीत सोडली.

मग त्यांचा व्यवहार चालला कसा? संपूर्ण ग्रंथ एकदम छापण्याइतके भांडवल नसल्यामुळे ते लहान लहान अंक काढीत. ‘नर्मकविता’ 1858 पासून अशीच अंशाअंशाने बाहेर पडली. एका अंकाच्या विक्रीतून पुढच्याची तरतूद करावयाची, ही त्यातील रीत. मुंबईच्या युनियन छापखान्याचे पारशी चालक नानाभाई रुस्तमजी राणीना त्यांचे स्नेही होते, आणि स्वतंत्र लेखकाला स्नेही मुद्रक मिळणे हे निम्मे भांडवल मिळण्यासारखे असते. 1864 मध्ये मित्रांच्या साहाय्याने त्यांनी ‘डांडियो’ हे पाक्षिक काढले. दांडी वाजवीत रात्री गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्याचे हे नाव. समाजाला जागे ठेवणे हे त्याचे काम. पत्रात कोणाची भीड ठेवली जात नसे. परंतु 1865 मध्ये मुंबईच्या शेअरांचा फुगा फुटला. कापसाच्या तेजीत हात सैल झालेल्या धनिकांचे दिवाळे निघाले आणि ज्यांच्या देणग्यांवर व खरेदीवर मुंबईची कितीतरी विद्याकार्ये चालत होती ते आटले. आश्रय नाकारणाऱ्या लेखकाचे ग्राहकही शेवटी त्याच बाजारात कमावीत असतात, हा धडा त्या वर्षाने दिला.

या सर्वांत मोठे कार्य म्हणजे ‘नर्मकोश’. सुमारे 25 हजार शब्दांचा हा गुजराती कोश एका माणसाने रचला. 1861 पासून त्याचे काही अंक निघाले, मग काम रखडले, आणि पुरा कोश 1873 मध्ये स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध झाला. कोशाचे काम म्हणजे काय हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. शब्द वेचा, अर्थ लावा, क्रम लावा, मुद्रिते तपासा. आणि कादंबरीसारखा खप तर स्वप्नातही नाही. विद्यापीठाने किंवा सरकारने करावयाचे काम या गृहस्थाने कर्ज डोक्यावर घेऊन केले. त्या कोशाच्या प्रास्ताविकात त्यांनी घातलेले गुजरातचे गौरवगीत आज गुजरात राज्याचे गीत आहे.

आम्ही वकिलीच्या व्यवसायातले असल्यामुळे ग्रंथाकडे कायद्याच्या दृष्टीनेही पाहतो. 1867 च्या 25 व्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव घालणे सक्तीचे केले आणि सरकारी सूचीत त्या पुस्तकाची नोंद करावी असे ठरविले. भाषा, विषय, पृष्ठे, आवृत्ती, छापलेल्या प्रतींची संख्या, किंमत, ग्रंथस्वामित्व कोणाचे, इतके सर्व रकाने त्या सूचीत होते. 2023 च्या नव्या कायद्याने तो कायदा रद्द केला. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे तो चालला. पण त्यात एक रकाना कधीच नव्हता: किती प्रती विकल्या गेल्या. कायदा लेखकाला मालकी देऊ शकतो, चोरून छापणाऱ्याला शिक्षा करू शकतो. वाचकाला ग्राहक करण्याची कलम मात्र कोणत्याही कायद्यात लिहिता येत नाही. नर्मदाशंकर आपल्या ग्रंथांचे निर्विवाद मालक होते. उणीव होती ती ग्राहकांची.

शेवटी 1882 मध्ये, 24 वर्षांनंतर, त्यांनी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल धर्मादाय संस्थेत नोकरी धरली. हा निर्णय घेताना त्यांना अतिशय क्लेश झाले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे चार वर्षांतच, फेब्रुवारी 1886 मध्ये, त्यांचा अंत झाला. मग हा ग्रंथकार यशस्वी म्हणावा की अयशस्वी? रोकडवही पाहिली तर अयशस्वी. पण त्यांच्या स्वातंत्र्याने जे साधले ते पाहावे. तरुणपणी ते कडवे सुधारक होते. उत्तर वयात आर्यधर्माच्या परंपरेकडे वळले आणि 1885 च्या ‘धर्मविचार’ ग्रंथात आपल्या जुन्या मतांच्या विरुद्ध उभे राहिले. कोणाचे कोणते मत बरोबर यावर वाचकांत मतभेद होतील. पण दोन्ही वेळी लिहिणाऱ्यावर कोणा धन्याचा दाब नव्हता, म्हणून दोन्ही मते त्यांची स्वतःचीच होती. 1866 मध्ये लिहिलेले आत्मचरित्र ‘मारी हकीकत’ त्यांनी मोजक्या प्रतींपुरतेच छापले. ते जनांसमोर आले 1933 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी. काय छापावे याइतकेच काय रोखून धरावे हेही ज्याच्या हाती असते तो खरा स्वतंत्र लेखक.

ज्या 1882 साली नर्मदाशंकर नोकरीस लागले त्याच वर्षाच्या मार्चमध्ये पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर निवर्तले. जानेवारी 1874 पासून त्यांनी ‘निबंधमाला’ जवळजवळ एकट्याने लिहून चालविली. तिचे एकूण 84 अंक निघाले. 1879 मध्ये त्यांनीही सरकारी नोकरी सोडली. परंतु त्यांनी लेखणीबरोबर छापखाना, चित्रशाळा व किताबखाना अशी व्यापाराची अंगेही उभारली, आणि टिळक-आगरकरांसारखे सहकारी मिळविले. म्हणून ते 32 व्या वर्षीच गेले तरी ‘केसरी’ राहिला. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ हाती घेतला तेव्हा एकट्याच्या खिशावर भार न ठेवता मंडळी स्थापिली, भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार जमविले आणि 23 खंड पुरे केले. नर्मदाशंकरांचे व केतकरांचे धैर्य एकाच जातीचे होते. भेद आहे तो वाचकांच्या वाट्याचा: एका ठिकाणी वाचक वाट पाहत होता, दुसऱ्या ठिकाणी तो आरंभीच भागीदार झाला होता.

आज खिळे नकोत, दगड नको, 500 प्रतींची गंजीही घरात रचावयास नको. मागणी येईल तितक्याच प्रती काढण्याची सोय झाली आहे. भीमजींना अडविणारी सारी कारणे नाहीशी झाली. नर्मदाशंकरांना अडविणारे कारण जसेच्या तसे उभे आहे. आपल्या देवस्थानांच्या परिवारात स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारे थोडे नाहीत. कोणी कुळाचा इतिहास लिहितो, कोणी क्षेत्रमाहात्म्य, कोणी कोकणी ओव्या जमवून छापतो. जत्रेच्या खर्चास आपण आनंदाने हात पुढे करतो, अभिषेकाची पावती मागून घेतो, आणि तोच लेखक सभामंडपात भेटला की म्हणतो, “एक प्रत आम्हांला द्या हं, सवडीने वाचू.” हे प्रेमाने म्हटलेले असते यात शंका नाही. पण त्या प्रेमाने छापखान्याचे बिल भागत नाही. कागद, शाई, बांधणी यांचे पैसे लेखकाने आधीच मोजलेले असतात, आणि फुकट गेलेली प्रत त्याच्या पुढच्या पुस्तकातून वजा होत असते.

नर्मदाशंकरांनी आमलीरानातील आपल्या घरास ‘सरस्वतीमंदिर’ असे नाव दिले होते. सुरत महानगरपालिकेने ते जतन केले आहे. शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयास आणि दक्षिण गुजरातच्या विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे, आणि त्यांचा जन्मदिवस गुजराती भाषेचा दिवस म्हणून पाळला जातो. हा सन्मान योग्यच आहे. परंतु तो त्यांच्या सावकारांच्या वा मुद्रकांच्या उपयोगी पडला नाही. मंदिरात देव बसविणारा एक असतो, नैवेद्य मात्र सर्व गाव पाठविते. सरस्वतीच्या मंदिराची रीत वेगळी असण्याचे कारण नाही. आपल्या ओळखीच्या एखाद्या मराठी वा कोकणी लेखकाने स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढले असेल, तर वाचकांनी ते किंमत देऊन घ्यावे, आणि जमल्यास पुढच्या पुस्तकाची वर्गणी आजच द्यावी.