दुसऱ्या प्रोसेसरवर नापास: कंपायलर चाचण्यांचा इतिहास

प्रोग्रॅमचे त्या त्या प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करणारा कंपायलरचा भाग म्हणजे बॅकएंड. सी भाषा पीडीपी-११ पुरती होती तोवर कंपायलर त्या एका मशीनवर तपासला की भागत असे. १९७७ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये स्टीव्हन जॉन्सन आणि डेनिस रिची सीमध्ये लिहिलेली युनिक्स कार्यप्रणाली इंटरडेटा ८/३२ या ३२ बिटी मशीनवर नेऊ लागले, तेव्हा गृहीत धरलेल्या गोष्टी एकेक करून उघड्या पडल्या. दोन्ही मशीनमधला बाइटचा क्रम एकमेकांच्या उलट होता. ‘युनिक्स’ची इंग्रजी अक्षरे जोडीजोडीने उलटून ‘नक्सी’ असे छापले गेल्याचा किस्सा त्याच काळातला.

ऐंशीच्या दशकात व्हॅक्स मशीनवर युनिक्समध्ये रिकाम्या पॉइंटरमधून वाचले तर मुकाट्याने शून्य मिळे. तोच प्रोग्रॅम सनच्या वर्कस्टेशनवर कोसळे. चूक प्रोग्रॅमची, पण आळ सहज नव्या मशीनच्या कंपायलरवर येई. चूक कोणाची हे ठरवणे हाच या कामातला खरा कठीण भाग, आणि तो आजही तसाच आहे.

१९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा कंपायलर आला, तो अनेक प्रोसेसर डोळ्यांपुढे ठेवूनच. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला सिग्नस कंपनीत रॉब सॅव्हॉय यांनी डेजाग्नू ही चाचणीव्यवस्था बांधली. तिच्यामुळे एका मशीनवर कंपाइल केलेली चाचणी दुसऱ्या बोर्डावर चालवून निकाल परत आणता येऊ लागला. त्याहून मोलाची होती निकालांची वर्गवारी: पास, नापास, अपेक्षित नापास, अनपेक्षित पास, लागू नाही. नुसत्या नापासांच्या आकड्यातून काहीच कळत नाही. काल पास असलेली आणि आज नापास झालेली चाचणी कोणती, तिथून शोध सुरू होतो.

कधी दोष कंपायलरचा नसतोच. कॅरॅक्टर प्रकारच्या चलात −१ ठेवून तो शून्यापेक्षा लहान आहे का, असे विचारले तर लिनक्सवर इंटेलचे उत्तर ‘हो’ येते आणि आर्मचे ‘नाही’, कारण आर्मवर तो २५५ ठरतो. सी भाषेला दोन्ही मान्य आहेत. इथे सुधारायची ती चाचणी. ३२ बिटी संख्या ३२ घरे डावीकडे सरकवली तर इंटेल फक्त खालचे पाच बिट पाहतो, म्हणून संख्या जशीच्या तशी राहते. ३२ बिटी आर्मवर शून्य उरते. कंपायलरने हे गणित आधीच करून ठेवले तर त्याच प्रोसेसरवरही ऑप्टिमायझेशनच्या पातळीनुसार उत्तर बदलू शकते.

सर्वांत चिवट प्रकरण जीसीसीच्या नोंदीतला बग क्रमांक ३२३. इंटेलच्या जुन्या एक्स८७ गणनएककात रजिस्टर ८० बिटांचे, तर मेमरीतली डबल संख्या ६४ बिटांची. एकच किंमत एकदा रजिस्टरमध्ये राहिली आणि एकदा मेमरीत जाऊन आली, तर ती स्वतःशीच जुळेना. शोधासाठी मध्ये छापण्याची ओळ घातली की किंमत मेमरीत जाई आणि दोष गायब होई! २०१० च्या जीसीसी ४.५ मध्ये सी भाषेसाठी यावर पर्याय आला. ६४ बिटी प्रोसेसरांवर एक्स८७ ऐवजी एसएसई२ हा आज्ञासंच रूढ झाल्याने त्रास बराच ओसरला.

एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-प्रकल्पात फाइलचेक हे साधन बाहेर पडलेला असेंब्ली मजकूरच तपासते. चाचणीत प्रोसेसर लिहायचा राहिला तर ती यजमान मशीनचा धरते: लेखकाच्या इंटेलवर पास, आर्मच्या बिल्डबॉटवर, म्हणजे चाचण्या आपोआप चालवणाऱ्या मशीनवर, नापास. त्यामुळे अशा नापास चाचणीत प्रोसेसर सांगणारी ओळ आहे का, हे आधी पाहतात.

२०११ मध्ये युटा विद्यापीठाच्या सीस्मिथने यादृच्छिक प्रोग्रॅम रचून कंपायलरांचे निकाल एकमेकांशी ताडले आणि ३२५ हून अधिक बग काढले. पुढच्या वर्षी आलेले सी-रिड्यूस हजारो ओळींचा नापास प्रोग्रॅम काही ओळींवर आणते. मग बॅकएंडमधली चुकीची आज्ञा हाताने शोधता येते. मशीन हाताशी नसेल तर फॅब्रिस बेलार यांच्या क्यूईएमयू या प्रोसेसरचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅमवर चाचण्या चालतात. पण मेमरीचा क्रम सैल ठेवणाऱ्या आर्म किंवा पॉवरचे वागणे इंटेलवरच्या अनुकरणात पूर्ण दिसत नाही, आणि अनुकरणातही बग असतात. तशा शंकेचा निकाल प्रत्यक्ष प्रोसेसरवरच लावावा लागतो.