बाळसं आणि वजनकाटा : एका काळजीचा इतिहास

आजचा विषय घरातला आहे. तान्ह्या बाळाचं वजन हवं तसं वाढत नाही, ही काळजी इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी स्वतः केली असेल, नाहीतर आपल्या आईच्या तोंडून ऐकली असेल. या काळजीलाही इतिहास आहे.

मराठीत 'बाळसं' असा एक सुंदर शब्द आहे. 'पोराने छान बाळसं धरलंय' असं आजी म्हणायची, तेव्हा तिच्यासमोर काटा नसायचा. मनगटाला पडलेली वळी, मांडीच्या घड्या, भरलेले गाल, एवढ्यावर तिचा निवाडा व्हायचा. बाहेरचं कुणी 'किती गुटगुटीत!' म्हणालं, की संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जायच्या. बाळसं उतरलं तर बाळंतिणीला अळीव, डिंकाचे लाडू, शेपा. म्हणजे काळजी होतीच. तिच्यात आकडा नव्हता, एवढंच.

मग आकडा आला कुठून?

नवजात बाळांना पद्धतशीरपणे तोलण्याची सुरुवात अठराव्या शतकात युरोपात झाली. जर्मनीत गॉटिंगेनच्या रोडरर या प्रसूतितज्ज्ञाने १७५३ मध्ये नवजात बालकांच्या वजन-लांबीवर निबंध प्रसिद्ध केला. त्याआधीच्या पुस्तकांत बाळांची वजनं भलतीच फुगवून सांगितलेली असत, कारण तोलून बघायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पुढे १८३० च्या दशकात बेल्जियमच्या क्वेटले या संख्याशास्त्रज्ञाने माणसाच्या उंची-वजनाची सरासरी काढली. 'सरासरी माणूस' ही कल्पना त्याचीच. पण हे सगळं विद्वानांपुरतं होतं. घरातल्या आईचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

तो संबंध जोडला पॅरिसमध्ये. काळ बघा. १८७० च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला होता. जन्मदर घटत होता आणि तान्ही मुलं फार मोठ्या संख्येने दगावत होती. शहरातल्या कामकरी बायका मुलांना खेड्यातल्या दाईकडे ठेवत, किंवा बाटलीने वरचं दूध पाजत. ते दूध नासकं, पाणी घातलेलं. उन्हाळा आला की जुलाब, आणि जुलाबात मूल हातचं जायचं. दाईकडे ठेवलेल्या मुलांवर देखरेखीचा कायदा १८७४ मध्ये झाला. पण स्वतःच्या आईजवळ असलेल्या गरीब मुलाकडे कोण बघणार?

प्येर ब्यूदँ या डॉक्टरांनी १८९२ मध्ये शारिते रुग्णालयात तान्ह्या बाळांसाठी तपासणी सुरू केली. त्यांची युक्ती साधी होती. इथे बाळंत झालेल्या बाईने दर आठवड्याला बाळ घेऊन यायचं. बाळ तोलायचं, वजन मांडून ठेवायचं. अंगावरच्या दुधाचा आग्रह धरायचा, आणि ते खरोखर कमी पडत असेल तरच उकळून निर्जंतुक केलेलं दूध द्यायचं. १८९४ मध्ये फेकां या गावात डॉक्टर द्युफूर यांनी 'दुधाचा थेंब' नावाचं केंद्र काढलं, आणि ही पद्धत देशोदेशी पसरली.

याचं महत्त्व कशात होतं? जुलाबाने मूल डोळ्यांदेखत सुकतं, पण तोवर उशीर झालेला असतो. काटा त्याच्या आधी बोलतो. दोन आठवडे वजन जागेवर थांबलं, की काहीतरी बिघडतंय. ताप नाही, उलटी नाही, तरी बिघडतंय. ही पूर्वसूचना माणसाच्या हाती पहिल्यांदाच आली होती. दुसरी एक दिलासा देणारी गोष्टही काट्यामुळे नीट कळली. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. बाळसं उतरलं म्हणून घाबरायचं कारण नाही, हेही काट्यानेच सांगितलं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काट्याच्या जोडीला घड्याळ आलं. न्यूझीलंडमध्ये ट्रबी किंग यांनी १९०७ मध्ये प्लंकेट संस्था स्थापन केली. त्यांची शिस्त अशी, की दर चार तासांनी पाजायचं, रात्री पाजायचं नाही, आणि वजनाचा तक्ता ठेवायचा. काही ठिकाणी तर पाजण्याआधी आणि नंतर बाळ तोलून ते किती प्यायलं याचा हिशोब काढत. यात गंमत काय होते पहा. अंगावरचं दूध मागणीवर चालतं. बाळ जितकं ओढेल तितकं ते तयार होतं. घड्याळ लावून मागणी कमी केली, की दूध कमी होतं. दूध कमी झालं, की वजन मंदावतं. वजन मंदावलं, की तक्ता म्हणतो, बाटली लावा. बाटली लावली, की बाळ आणखी कमी ओढतं. शेवटी 'बाईला दूधच नाही' हा शिक्का बसतो. उपायानेच आजार तयार केला, आणि दोष मात्र आईच्या पदरात पडला.

यापुढचा प्रश्न अधिक खोल आहे. 'कमी वजन' म्हणजे कुणापेक्षा कमी? अमेरिकेत १९७७ मध्ये वाढीचे तक्ते प्रसिद्ध झाले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ते जगभर वापरायला दिले. त्यांतले तान्ह्या मुलांचे आकडे ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज या एका गावाच्या परिसरातले होते, १९२९ ते १९७५ या काळात जमवलेले. ती मुलं बहुतेक बाटलीवर वाढलेली. आता, अंगावर पिणारं निरोगी मूल पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतं आणि मग त्याचा वेग कमी होतो. बाटलीवरचं मूल पुढेही जड होत राहतं. त्यामुळे चार-पाच महिन्यांचं धडधाकट मूल या तक्त्यावर घसरताना दिसायचं, आणि डॉक्टर सांगायचे, 'वरचं सुरू करा.' जिथे पाणी उकळायला इंधन नाही, तिथे या एका वाक्याची किंमत काय असेल, विचार करा.

पण म्हणून तक्ताच फेकून द्यावा का? नाही. त्यासाठी नायजेरियात जाऊ. १९५० च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड मॉर्ली हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ तिथल्या इमेसी-इले गावात काम करत होते. तिथली अडचण पॅरिस-लंडनच्या उलट होती. गावातली सगळीच मुलं किडकिडीत असली, की किडकिडीतपणा कुणाच्या नजरेत भरत नाही. आईच्याही नाही, नर्सच्याही नाही. मॉर्लींनी एक कार्ड बनवलं. त्यावर दोन रेषा, मधला पट्टा म्हणजे 'आरोग्याचा रस्ता'. कार्ड दवाखान्यात ठेवायचं नाही, आईने घरी ठेवायचं. आणि बघायचं काय? ठिपका कुठे आहे यापेक्षा रेषा कुठे चाललीय ते. वर चढतेय, आडवी झालीय, की खाली वळलीय.

ही कल्पना आपल्याकडेही रुजली. जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, आणि मुलांची वजनं घेणं हा त्यांच्या कामाचा भाग होता. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडीच्या आढ्याला झोळीचा काटा टांगला गेला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या आरोग्यदूत घरोघरी जाऊन नवजात बाळांची वजनं घेऊ लागल्या. मेळघाटातले बालमृत्यू गाजले, तेव्हा सरकारला जाब विचारताना हीच वजनं हाती होती. आकडा नसता, तर 'मुलं अशीच असतात' हे उत्तर खपलं असतं.

तक्त्याची चूक दुरुस्त झाली २००६ मध्ये. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे ८,५०० मुलांचा अभ्यास झाला. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. अट अशी, की आई धूम्रपान न करणारी, घरात वाढीला अडथळा येईल अशी गरिबी नाही, आणि तान्हं मूल अंगावर पिणारं. निष्कर्ष मोठा होता. परिस्थिती चांगली असली, तर सहाही ठिकाणची मुलं जवळजवळ सारखीच उंच होतात. वर्षाच्या मुलाचं मधलं वजन जुन्या तक्त्यात १० किलोच्या थोडं वर होतं, नव्यात ते ९.६ किलो आलं. पण पहिल्या काही महिन्यांत नवी रेषा जुनीपेक्षा वर आहे. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या मोठ्या तान्ह्यांवरचा खोटा ठपका गेला, आणि अगदी लहान वयातलं खरं कुपोषण जास्त दिसू लागलं. 'आपली मुलं मुळातच बारीक' ही सबब दोन्ही बाजूंनी संपली.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग आजच्या आईने काट्यावर विश्वास ठेवावा की नाही?)

चांगला प्रश्न. मी इतिहासाचा माणूस, डॉक्टर नाही. इतिहास एवढं सांगतो, की एका वजनावरून निवाडा करू नका. काटा तोच ठेवा, कपडे कमीत कमी, आणि तीन-चार वजनांची रेषा बघा. शेजारणीच्या बाळाशी तुलना नको. पण दोन आठवडे उलटूनही जन्माचं वजन भरून आलं नाही, लघवी कमी होतेय, बाळ मलूल आहे, नीट ओढत नाही, तर मात्र व्याख्यानं ऐकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि घरातल्या इतरांसाठी एक विनंती. वजन कमी भरलं, तर पहिला प्रश्न 'तुला दूध येतं का?' हा नको. 'तू जेवलीस का, झोपलीस का?' हा असू द्या. गेल्या सव्वाशे वर्षांत काटा बाळाला लावला आणि तोललं आईला, असं अनेकदा झालंय. ते आपल्या घरात तरी थांबवू या.