कॉर्ड सुचवणारी पेटी

गाणी बनवण्याच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण सापडतं. पट्टी निवडायची, बटण दाबायचं, की चार कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या चार जुड्यांची, साखळी हजर. नाही आवडली तर पुन्हा दाबायचं. आधी सा-ग-प, मग प-नी-रे, मग ध-सा-ग, शेवटी म-ध-सा ही चौकडी वापरून वापरून गुळगुळीत झालेली. ती तर हमखास निघते. हे सगळं संगणकाचं डोकं, असं आपण धरून चालतो. पण या बटणाचं कूळ पावणेचारशे वर्षं मागे जातं आणि त्याचा मूळपुरुष निघतो एक लाकडी पेटी.

अथानासिउस किर्शर हा जर्मन जेझुइट पंडित रोममध्ये राहत असे. १६५० साली त्याने संगीतावर एक भलामोठा ग्रंथ छापला आणि त्यात या पेटीचं वर्णन केलं. पेटीत लाकडाच्या कांबी, कांबींवर आकड्यांचे तक्ते. आकडा म्हणजे सप्तकातला कितवा स्वर. एकाखाली एक चार ओळी, चार गळ्यांसाठी. शिवाय लयीच्या खुणा वेगळ्या. वापरणाऱ्याने पद्याची अक्षरं मोजायची, त्या वृत्ताची कांब उपसायची आणि आकडे उतरवून घ्यायचे. कोणतीही ओळ घेतली तरी चारही आवाज एकमेकांशी जमत, कारण ते जमवण्याचं काम किर्शरने आधीच करून ठेवलेलं. दैनंदिनीकार सॅम्युएल पीप्सनेही अशी एक पेटी मिळवली होती. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात ती आजही आहे.

शंभर वर्षांनी कांबींची जागा फाशांनी घेतली. बाखचा शिष्य किर्नबर्गर याने १७५७ साली बर्लिनमध्ये फासे टाकून नाचाच्या चाली रचण्याचं पुस्तक काढलं. पुढे १७९३ साली मोझार्टच्या नावावर छापला गेलेला असाच खेळ गाजला. तो खरोखर त्याचाच, याला पुरावा नाही. सोळा तुकड्यांची चाल, प्रत्येक तुकड्याला ११ पर्याय, म्हणजे १७६ घरांचा तक्ता. दोन फाशांची बेरीज २ ते १२ यांपैकी काहीही येवो, चाल बिघडत नसे. गंमत अशी की एका जागेसाठीचे सगळे पर्याय एकाच कॉर्डवर, किंवा त्याचंच काम करणाऱ्या कॉर्डवर बांधलेले. सारीपाटात दान कोणतंही पडो, सोंगटी पटाबाहेर जात नाही, तसंच. फासे खेळणाऱ्याच्या हातात. पट मात्र दुसऱ्याने आखलेला.

पट आखणं सोपं झालं ते एकोणिसाव्या शतकात. गॉटफ्रीड वेबर या जर्मन लेखकाने कॉर्डना रोमन आकडे देण्याची पद्धत रुळवली. षड्जाचा पहिला, पंचमाचा पाचवा. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. गवई काळी एकमध्ये गावो की पांढरी चारमध्ये, सा तो सा. पण या आकड्यांमुळे ‘कोणत्या कॉर्डनंतर कोणता’ हे पट्टीच्या पलीकडे जाऊन मोजता येऊ लागलं.

मोजायचं कसं, हे मात्र शिकवलं कवितेने. रशियन गणिती मार्कोव्हने १९१३ साली पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’मधली २०,००० अक्षरं तपासली आणि स्वरानंतर स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा, याचा हिशेब मांडला. आत्ताचं अक्षर पाहून पुढच्याची शक्यता सांगायची, ही ती साखळी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅक्सन यांनी १९५७च्या ‘इलियाक स्वीट’ या रचनेसाठी संगणकाला आधी नियमांची चाळणी दिली: यादृच्छिक स्वर काढ, नियमात न बसणारे टाकून दे. चौथ्या भागात त्यांनी मार्कोव्हची साखळी वापरली. वाजवायला मात्र चार तंतुवादक माणसंच बसली.

त्यानंतर पट आखणारा माणूस दिसेनासा झाला. २००८ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक प्रणाली मांडली: माइकमध्ये चाल गुणगुणा, ती कॉर्ड लावून देईल. सुमारे ३०० गाण्यांवरून ती शिकली होती. आनंदी-उदास अशी सरकपट्टीही होती. ती सरकवली की मेजर आणि मायनर गाण्यांतून काढलेल्या तक्त्यांचं मिश्रण बदलायचं. पुढे क्युबेससारख्या सॉफ्टवेअरमध्ये कॉर्ड सुचवणारा मदतनीसच येऊन बसला. गाण्यांवरून शिकणाऱ्या प्रणालीत पट कोणा एकाने आखलेला नसतो, शेकडो गाण्यांच्या पायवाटांनी तो मळलेला असतो.

मुंबईच्या सिनेसंगीतात हेच काम याआधी माणसं करत होती. पोर्तुगीज गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरं नोटेशन आणि व्हायोलिन शिकत. त्यांतलीच काही पुढे मुंबईच्या स्टुडिओत आली. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवी. तिच्याखाली कोणते स्वर धरायचे, हे सेबॅस्टियन डिसोझा किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे लोक कागदावर उतरवत.

या कामात खरी कसोटी लागते ती भैरवासारख्या रागात. पाश्चात्त्य पटावरचा सगळ्यांत भक्कम जिना म्हणजे पंचमाच्या कॉर्डवरून षड्जावर उतरणं. भैरवात रे कोमल, त्यामुळे पंचमाचा कॉर्ड प-नी-कोमल रे असा होतो आणि जिन्याची वरची पायरीच लचकते. अशा वेळी जाणता माणूस कॉर्डचा हट्ट सोडून खाली नुसता षड्ज धरून ठेवू शकतो, किंवा व्हायोलिनवर वेगळीच एक ओळ चालीसोबत चालवू शकतो.

सॉफ्टवेअरमध्येही भैरवाचे सात स्वर निवडता येतात. बटण दाबलं की त्यांतले एकाआड एक स्वर उचलून ते चार कॉर्ड बिनतक्रार देतं, लचकलेल्या पायरीसकट. जिना बरा करायचा म्हणून आपण रे शुद्ध करावा, तर कॉर्ड छान बसतो. फक्त भैरव उठून गेलेला असतो.