जॉयराइड : मौज कोणाची आणि गाडी कोणाची?

पालक मंडळी, खास करून यूकेत राहणारे, टीनएजर मुलांचे आईबाबा, हे जरूर वाचा.

आपल्याकडे 'जॉयराइड' म्हटलं की काय आठवतं? जत्रेतला पाळणा, नाहीतर हेलिकॉप्टरची दहा मिनिटांची फेरी. पैसे मोजायचे, मजा करायची, उतरायचं. त्यामुळे मुलांच्या बोलण्यात हा शब्द आला की आपण हसून सोडून देतो. पण इथे त्याचा अर्थ वेगळा आहे. दुसऱ्याची गाडी न विचारता घ्यायची आणि मजेसाठी पळवायची, म्हणजे जॉयरायडिंग. आणि तो गुन्हा आहे.

शब्द मूळचा अमेरिकेतला, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. मोटार तेव्हा श्रीमंतांकडेच असायची आणि ती चालवायला पगारी शोफर. ('शोफर' हा फ्रेंच शब्द, मूळ अर्थ इंजिनाची भट्टी पेटती ठेवणारा.) मालकाला गाडी नको असली की काही शोफर ती गॅरेजमधून काढत, मित्रांना घेऊन हिंडत आणि परत आणून लावत. म्हणजे बदनाम झालेले पहिले जॉयरायडर शाळकरी पोरं नव्हती, चांगली कमावती माणसं होती!

पण 'परत आणून लावली' यातच कायद्याची गोची होती. इंग्लंडच्या कायद्यात चोरी म्हणजे वस्तू कायमची लाटण्याचा हेतू. 'फिरवून परत देणार होतो' म्हटलं की चोरी सिद्ध होईना. म्हणून १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टमध्ये विनासंमती गाडी नेणं हा वेगळाच गुन्हा ठरवला. पुढे १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टमध्ये तो कलम १२ म्हणून आला. 'टेकिंग विदाउट ओनर्स कन्सेंट' याच्या आद्याक्षरांवरून पोरांनी 'ट्वॉकिंग' शब्द बनवला, तो हाच.

भारतात मात्र ही पळवाट नाही. १९५२ मध्ये जोधपूरला हवाई दलातल्या एका शिकाऊ नॅव्हिगेटरने आपल्या साथीदारासह परवानगीशिवाय विमान उडवलं आणि ते थेट पाकिस्तानात उतरलं! खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ मध्ये निकाल लागला, की वस्तू थोड्या वेळासाठी नेली तरी ती चोरीच.

ब्रिटनमध्ये १९९१ साली प्रकरण हाताबाहेर गेलं. ऑक्सफर्डच्या ब्लॅकबर्ड लीज वस्तीत पोरं पळवलेल्या गाड्यांच्या कसरती करत आणि बघायला गर्दी जमे. त्याला 'हॉटिंग' म्हणत. त्याच सप्टेंबरात टाइनसाइडला, पोलीस मागे लागलेले असताना, चोरलेल्या गाडीतले दोन तरुण अपघातात गेले आणि मेडो वेल वस्तीत दंगल उसळली. १९९२ मध्ये संसदेने कायदा कडक केला. आज इंग्लंड-वेल्समध्ये साध्या गुन्ह्याला कमाल सहा महिने कैद आहे. अशा गाडीच्या अपघातात कोणाचा जीव गेला, तर कमाल १४ वर्षं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'माझा मुलगा चालवत नव्हता हो, नुसता मागे बसला होता' हे इथे चालत नाही. गाडी विनापरवाना आणलेली आहे हे माहीत असून जो तिच्यात बसतो, तोही कलम १२ खाली गुन्हेगार. अपघात झाला तर मागे बसलेल्यावरही मोठा आरोप येऊ शकतो. आपली मुलं बहुतेकदा अडकतात ती इथेच. मित्राने 'चल रे, एक राउंड' म्हटलं की भिडेखातर नाही म्हणवत नाही.

म्हणून रागावून नको, गप्पांच्या ओघात सांगा. शोफरची गोष्ट सांगा, विमानाची तर नक्की सांगा, ती मुलांना आवडेल. आणि एक सवय लावा : कोणाच्याही गाडीत पाय ठेवण्याआधी विचारायचं, 'गाडी कोणाची? घरी माहीत आहे का?' उत्तर गुळमुळीत आलं तर बसायचं नाही, आपल्याला फोन करायचा. रात्री कितीही वाजता. आणि तो फोन आला तर आधी मुलाला घरी आणा, बोलणी नंतर.