शब्द विसरले, फीत चालू होती

१३ फेब्रुवारी १९६० रोजी पश्चिम बर्लिनच्या डॉइचलांडहालेत एला फिट्झजेराल्ड ‘मॅक द नाइफ’ गाताना शब्द विसरली, ही हकीकत जॅझच्या रसिकांना तोंडपाठ आहे. अशा गोष्टी सांगता सांगता फुगतात. इथे मात्र ताडून पाहायला त्या रात्रीची फीतच शाबूत आहे. नॉर्मन ग्रान्झने मैफल ध्वनिमुद्रित केली आणि ‘व्हर्व्ह’तर्फे त्याच वर्षी तबकडी काढली.

फितीवर पहिली नोंद गाण्याआधीची आहे. हे गाणं बाईच्या आवाजात ऐकलेलं नाही, शब्द आठवतील अशी आशा आहे, असं एला श्रोत्यांना सांगते. म्हणजे धोका तिला ठाऊक होता. पहिली कडवी सुरळीत जातात, मग शब्द संपतात. पॉल स्मिथचा पियानो, जिम हॉलची गिटार, मिडलब्रुक्सचा बास, गस जॉन्सनचे ड्रम, कुणीच थांबत नाही. तीही थांबत नाही. विसरल्याची कबुली ती चालीतच देते, हे गाणं गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँगची नावं गुंफते आणि आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढते.

सगळं आयत्या वेळी सुचलं का? माझ्या मते नाही. १९५८च्या रोममधल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण १९८८मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात आर्मस्ट्राँगची हीच नक्कल दुसऱ्या गाण्यात आहे. नक्कल हाताशी होती, ओळी नव्या होत्या.

मूळ तबकडीत नऊच गाणी. १९९३च्या सीडीत तेरा. तेव्हा तबकडीवरून त्या रात्रीचा अख्खा कार्यक्रम गृहीत धरू नये. या ध्वनिमुद्रणासाठी एलाला दोन ग्रॅमी मिळाली, हे मात्र निर्विवाद.

गाणं मूळ बर्लिनचंच. ब्रेख्तचे शब्द, कुर्ट वाइलची चाल. ३१ ऑगस्ट १९२८ला ते तिथल्याच एका नाट्यगृहात प्रथम रंगमंचावर आलं. १९३३मध्ये वाइलला देश सोडावा लागला, आणि १९६०मध्ये ते नाट्यगृह पूर्व बर्लिनमध्ये होतं. ‘गाणं माहेरी आलं’ असं लिहायचा मोह होतो. पण एलाच्या जुळवलेल्या ओळींत नावं आहेत ती अमेरिकी गायकांची. माहेरची कल्पना आपली. तिच्यापुढे होतं ते अमेरिकेत चाललेलं लोकप्रिय गाणं.

२५ मार्च १९६२ला ती पुन्हा बर्लिनमध्ये, श्पोर्टपालास्टमध्ये गायली. शहरात आता भिंत उभी होती. ती फीत ग्रान्झच्या संग्रहातून निघून २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. ‘मॅक द नाइफ’ तीतही आहे.